जुन्या ‘ज’चा इकामा

टोमॅटो पेस्टचा डबा विकत घेताना माणसं त्याच्यावरची तारीख बघतात. कुमुदमावशी अक्षर बघायची.

अल-खोबरमध्ये आम्ही राहायचो त्या इमारतीच्या तळाशी एक बकाला होता. किराणा दुकानाला तिथे सगळेच बकाला म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. कोयाभाई नावाचे एक मल्याळी गृहस्थ तो चालवायचे. मावशी फळीवरून डबा उचलायची, दाराशी नेऊन उन्हात धरायची, एक डोळा मिटून त्यावरच्या अरबी अक्षरांकडे बघायची आणि मान हलवत परत आणून ठेवायची.

“कोयाभाई, ये नहीं चलेगा.”

“क्यों आंटी? डेट तो फ्रेश है.”

“डेट को क्या करूँ? ये ‘मीम’ देखो. उपाशी है बिचारा. पेट में हवाच नहीं.”

कोयाभाईंना अरबी वाचता यायचं, मावशीला नाही. ते चष्मा कपाळावर सरकवून त्या ‘मीम’कडे, म्हणजे अरबी ‘म’कडे, प्रामाणिकपणे बघायचे. “आंटी, अंदर टोमॅटो है. मीम अंदर नहीं है.”

“जो बाहर इतनी कंजूसी करता है, वो अंदर क्या भरेगा?”

आणि मग ती जास्त महागाचा, गोलमटोल ‘मीम’वाला डबा घेऊन वर यायची. त्यातली पेस्ट खरंच चांगली निघायची का, मला आठवत नाही. तिच्याकडचं जेवण कुणाच्या लक्षात राहत नसे. आपण घास घेत असताना ती ताटाखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रातल्या मथळ्यांबद्दल बोलत असायची.

ती माझी सख्खी मावशी नव्हती. तिथे इमारतीतली सगळी मराठी माणसं काका आणि मावशीच असायची. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि आम्ही दुसऱ्या. श्रीकांतकाका, म्हणजे तिचे यजमान, जुबैलच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. उजाडायच्या आत कंपनीची बस त्यांना घेऊन जायची आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग झाल्यावर आणून सोडायची. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं मावशी मुंबईत छपाईचे टाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात अक्षरं काढायची. तळहाताएवढा ‘क’, तळहाताएवढा ‘ख’, शाईने, ब्रशने, महिनोन् महिने. मग तो कारखाना बंद पडला आणि काकांना इकडची नोकरी लागली. तिच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, काम करण्यास परवानगी नाही असं छापलेलं होतं. ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. “बघ, सरकारनेच लिहून दिलंय. आमच्या ह्यांना म्हटलं, आजपासून पोळ्या करणं बेकायदेशीर आहे.”

तिचा लाडका शब्द ‘हवा’. अक्षराच्या आत जी पांढरी जागा उरते तिला ती हवा म्हणायची. “काळं काय, कुणीही काढतं. पांढरं काढता आलं पाहिजे.” आणि हा नियम ती सगळ्या सृष्टीला लावायची. आमच्याकडे नवा सोफासेट आला तेव्हा ती दारातच थबकली आणि म्हणाली, “शैला, तुझ्या घरात हवा नाही गं.” आईला ते फार लागलं. “अहो, दोन-दोन एसी चालू आहेत की!” एका बडबड्या बाईंबद्दल मावशीचं मत होतं की बाई सोन्यासारखी आहे, पण दोन वाक्यांच्या मध्ये हवा सोडत नाही. आणि काकांबद्दल म्हणायची, “आमचे हे म्हणजे नुसती हवा. रेघ कुठाय ते शोधतेय मी अजून.” काका हे ऐकून हसायचे. तेवढाच त्यांचा आवाज.

मी तेव्हा शाळा संपवून घरी बसलेली होते. वर्गातली मुलं इंजिनियरिंगला भारतात गेली. मला एकटीला होस्टेलवर ठेवायला बाबा तयार नव्हते, म्हणून पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांवर माझी पदवी चालली होती. मी फार बोलत नसे. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचे, आणि दोघींनाही तेवढं पुरायचं. मावशीकडे मात्र मी स्वतःहून जायचे. बोलताना ती माझ्याकडे न बघता कागदाकडे बघायची, त्यामुळे मला संकोच वाटत नसे. तिच्या जेवणाच्या टेबलावर कधी कुणी जेवलं नाही. ते तिने बाल्कनीच्या काचेला लावून ठेवलं होतं. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक उभी पट्टी दिसायची, धुळीच्या दिवसांत दुधाळ, एरवी फिक्या निळ्या काचेसारखी. दुपारी सगळं गाव झोपलेलं असायचं आणि ती पट्टी तेवढी जागी असायची.

सरान आली ती अशाच एका दुपारी.

असरची, म्हणजे दुपार उलटतानाच्या नमाजाची, बांग नुकतीच झाली होती. मी आईने दिलेला डबा पोचवायला आले होते. बेल वाजली. दारात एक उंच, काळी, देखणी बाई, अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या आणि डोक्यावर कापडाचं गाठोडं. ती मूळची गिनीची, पश्चिम आफ्रिकेतली. तळमजल्यावर राहायची. नवरा पाण्याचा टँकर चालवायचा आणि ही इमारतीतल्या बायकांना तिच्याकडचं चकचकीत, कडक खळीचं कापड विकायची. विकता विकता ती हिंदी शिकली होती. तिच्या हिंदीत अरबी शब्द सुखाने नांदायचे.

“मैडम, कपड़ा देखो. बहुत ज़ैन.”

ज़ैन म्हणजे छान. पण मावशीने कापड बघितलंच नाही. ज्याला जे कापड द्यायचं त्याच्या नावाची एक चिंधी सरान त्याला टाचणीने लावून ठेवायची. त्या चिंधीवर बॉलपेनने काही लिहिलेलं होतं. मावशीने टाचणी काढली, चिंधी घेतली आणि थेट बाल्कनीच्या काचेपाशी गेली.

“ये क्या है?”

“ये? चौथे माले वाली ख़ान मैडम. उनका नाम.”

मावशी चिंधीकडे बघतच राहिली. “मिसेस खान एवढी सुंदर आहे होय?” ती मराठीतच पुटपुटली. मग वळून म्हणाली, “बैठो. चाय पियो. और लिखो.”

कापड त्या दिवशी काही विकलं गेलं नाही. उलट खानबाईंची चिंधी मावशीने ठेवून घेतली आणि खानबाईंचं कापड दुसऱ्याच कुणाकडे गेलं, असं नंतर कळलं.

सरानच्या लिपीचं नाव न्को. तिच्या मुलखात एका शिक्षकाने काही दशकांपूर्वी ती तयार केली, आपल्या बोलीला आपली अक्षरं असावीत म्हणून. अरबीसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि अक्षरं तळाशी एकमेकांचे हात धरून बसलेली. न्को म्हणजे ‘मी म्हणतो’ किंवा ‘मी म्हणते’. हे नाव ऐकून मला उगाचच कानकोंडं झालं. मी तेव्हा फारसं काही म्हणत नसे.

सरान मग वरचेवर यायला लागली. कापड आणायची, ते गाठोड्यातच राहायचं. मावशी आलं घालून चहा करायची, सरान गोड भज्यांसारखं काहीतरी तळून आणायची. दोघी टेबलाशी समोरासमोर बसायच्या. सरान एक अक्षर लिहायची आणि मावशी ते मोठं करून काढायची. “हाज़ा मू ज़ैन,” सरान म्हणायची, हे बरोबर नाही. “किधर मू ज़ैन?” मावशी विचारायची. “इधर. शुवय्या मोटा.” शुवय्या म्हणजे जरासं. अक्षराच्या जरासं जाड असण्यावर ह्या दोघी अख्खी दुपार काढत.

खरी गोष्ट सुरू झाली ती सरानच्या कैरोतल्या चुलतभावाच्या फोनपासून. त्याने सांगितलं की न्को आता कॉम्प्युटरवर येणार. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी एक समिती असते. तो क्रमांक मिळाला की ते अक्षर कुठल्याही कॉम्प्युटरवर उमटू शकतं. नाही मिळाला तर त्याच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतो. युरोपात राहणारे त्यांचे एक गाववाले न्कोचे कागदपत्र जमवत होते. सगळी अक्षरं ठीक होती, अडचण होती ती जुन्या ‘ज’ची.

सुरुवातीला शिकलेले लोक ‘ज’ एका वळणाने काढायचे. पुढे पुस्तकांतून त्याचं वळण बदललं आणि जुना ‘ज’ मागे पडला. समितीकडे नवाच गेला होता. जुन्याला वेगळा क्रमांक हवा असेल तर तो कुणी खरोखर वापरल्याचा पुरावा पाहिजे आणि नेटकं काढलेलं अक्षर पाहिजे. पुरावा सरानकडे होता. तिच्या आईचं गावच्या बाजारात दुकान होतं. त्याच्या फळीवर तिच्या वडिलांनी, ते हयात असताना, आईचं नाव निळ्या रंगात रंगवलं होतं. जेनेबा. त्यातला ‘ज’ जुना. चुलतभावाने त्या फळीचा फोटो पाठवला.

“नया वाला लिखो ना फिर,” मी धीर करून म्हटलं. “आवाज़ तो same है.”

सरान माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. “आवाज़ same. मगर बोर्ड पे जो है, वो माँ का नाम है. कल कोई बच्चा कंप्यूटर सीखेगा, दुकान देखेगा, बोलेगा, ये ग़लत लिखा है.” तिने फोटोवर बोट टेकवलं. “मेरी माँ का नाम ग़लत नहीं है.”

मावशी एवढा वेळ फोटोतल्या निळ्या अक्षराकडे बघत होती. “कोण म्हणतंय चूक?” ती म्हणाली. “असा ‘ज’ मी आयुष्यात बघितला नाही. मागे वळून बघतोय, पण पाय उचलत नाही.”

त्या शुक्रवारी काका घरी होते. त्यांना हे सगळं समजावून सांगितलं, क्रमांक काय, चौकोन काय. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “म्हणजे इकामाच की. माणूस आहे, जेवतो, काम करतो. पण कार्ड नाही तर तो नाही.”

मावशीने ते हिंदीत सांगितल्यावर सरान खदखदून हसली. “सह! सह! मगर बिना कफील के इकामा कैसे बनेगा? कफील कौन?” सह म्हणजे बरोबर, आणि कफील म्हणजे तिथला जामीन राहणारा मालक. त्याच्याशिवाय तिथे पान हलत नाही.

“मैं हूँ ना,” मावशी छातीला हात लावून म्हणाली. जिचा स्वतःचा इकामा नवऱ्याच्या इकाम्याला टाचलेला होता, ती आफ्रिकेतल्या एका अक्षराची कफील झाली.

कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आलं. बाबांचा जुना लॅपटॉप आणि आमचा स्कॅनर मी वर नेऊन ठेवला. मावशी कागदावर अक्षर काढायची, मी ते स्कॅन करून कडेकडेने बिंदू मांडायचे आणि ते ओढून ओढून रेघ बसवायचे. इंग्रजी ई-मेलही मीच लिहायचे. युरोपातले ते गृहस्थ फार सभ्य होते. मला ‘डिअर मॅडम’ म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी मला मागे वळून कोण मॅडम आली ते बघावंसं वाटायचं.

पहिला ‘ज’ तयार झाला तेव्हा त्यांनी पाठवलेल्या बाकीच्या अक्षरांत तो घालून मी ‘जेनेबा’ छापून काढलं. मावशीने कागद सरानपुढे धरला, दागिना दाखवावा तसा. सरानने बघितलं आणि अबायाची बाही तोंडावर धरून हसायला लागली.

“क्या हुआ?”

“ये क्यों लटक रहा है?”

खरंच तो लटकत होता. बाकीची अक्षरं तळाच्या रेषेवर मांडी घालून, एकमेकांचे हात धरून बसलेली, आणि मावशीचा ‘ज’ त्यांच्या मध्येच अधांतरी, वरून कुणीतरी मानगूट पकडल्यासारखा. त्याचा हात कुणाच्याच हाताला लागत नव्हता.

“हमारा हर्फ़ ज़मीन पे बैठता है,” सरान डोळे पुसत म्हणाली. “आपका रस्सी पे सूखता है.”

मावशीचा चेहरा पडला. ती कागद घेऊन उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून तिचा आवाज आला. “अगं बाई! शिरोरेघ!” इतकी वर्षं ती आधी वरची रेघ आखून मग तिच्यावर अक्षर टांगत आली होती. सगळी मापं वरून खाली. तिच्या हाताला जमीन माहीतच नव्हती.

पुढचे काही दिवस ती जगाचे पाय बघत फिरली. खुर्च्यांचे, फ्रिजचे, माणसांचे. कोयाभाईंना तिने काउंटरच्या मागून बाहेर यायला लावलं आणि नीट उभे राहा म्हणून सांगितलं. ते राहिलेही. पण हात काही ऐकेना. ‘ज’ पुन्हा पुन्हा वर चढायचा.

मग एका दुपारी मी गेले तर ती कागद उलटा ठेवून बसली होती. वरती रेघ आखलेली आणि ‘ज’ त्या रेघेला उलटा टांगलेला, वटवाघळासारखा. “हाताला त्याची सवय सोडवत नाही ना, मग राहू दे,” ती म्हणाली. “आपणच जग उलटं करू.” समोर सरान बसली होती. तिच्या बाजूने ती रेघ तळाशी होती, आणि ‘ज’ तिच्या गावच्या बाजारात बसावा तसा निवांत बसलेला. एकीकडून टांगलेलं, दुसरीकडून टेकलेलं, एकच अक्षर. बाहेर धुळीने ऊन पिवळं झालं होतं, समुद्राची पट्टी विरघळून गेली होती, आणि त्या दोघी एका कागदाच्या दोन बाजूंना ओणवलेल्या. मला वाटलं, इथे आता कुणी बोलू नये.

“ज़ैन,” सरान हळूच म्हणाली. “ये बैठ गया.”

काम संपायला पाहिजे होतं. संपेना.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, पोटात हवा कमी आहे. मी बिंदू डावीकडे सरकवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी खूश होती, तर सरान म्हणाली, “गर्दन शुवय्या मोटी.” मान बारीक केली. मग मावशीला शेपूट लांब वाटलं. मग सरानला तेच शेपूट तोकडं वाटलं. आधी मला ह्याचं कौतुक वाटलं. थोर कारागीर असेच असतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

युरोपातून ई-मेल यायला लागले. पहिल्यात चौकशी होती, दुसऱ्यात आठवण. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं की समितीची बैठक जवळ आली आहे. या आठवड्यात अक्षर मिळालं नाही तर जुना ‘ज’ वगळूनच कागद पुढे जातील, आणि नंतर तो पुन्हा कुणी उचलेल असं त्यांना वाटत नाही. मी तो ई-मेल दोघींना मोठ्याने वाचून हिंदीत सांगितला. मोठ्याने वाचायला मला फार जड जातं, पण वाचला.

दोघींनी गंभीरपणे मान हलवली.

“बरोबर आहे त्यांचं,” मावशी म्हणाली. “पाठवायलाच हवं.”

“लाज़िम,” सरान म्हणाली. हवंच. आणि जरा वेळाने, “मगर गर्दन...”

मी तिच्याकडे बघितलं. ती मानेबद्दल बोलत होती, पण कागदाकडे बघत नव्हती. ती चहाच्या किटलीकडे बघत होती. आणि मावशी, जी एका केसाएवढ्या फरकासाठी कोयाभाईंशी भांडायची, ती घाईघाईने म्हणाली, “हो हो, मान बघायला हवी. उद्या बघू.”

लॅपटॉप घेऊन मी खाली आले आणि फाइल उघडली. कॉम्प्युटर कुणाची भीड ठेवत नाही. एक बिंदू दोन घरं डावीकडे गेला होता, मग दोन घरं उजवीकडे. मान बारीक झाली होती आणि परत होती तेवढीच झाली होती. ‘ज’ कधीच पुरा झाला होता. कितीतरी दुपारी आम्ही तिघी मिळून त्याला जागच्या जागी हलवत होतो.

मी पलंगावर बसून राहिले. मला सरळ पाठवता आला असता, फाइल माझ्याकडेच होती. पण तो माझा नव्हता. आणि खरं सांगायचं तर पाठवल्यावर असरनंतर मी कुठे जायचं, हेही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप आणि ‘ज’ बसल्या दिवसापासूनचे छापलेले कागद घेऊन वर गेले. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत. तिथे गेल्यावर तिन्ही भाषा गेल्या. मग मी सगळे कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि बाल्कनीच्या काचेवर धरले. मागून ऊन आलं. इतक्या कागदांतून एकच ‘ज’ दिसला, काळाभोर, कुठेही सावली नसलेला.

मावशी आणि सरान टेबलाशी बसल्या होत्या. एसी तेवढा घुमत होता. मावशीने सरानकडे बघितलं, सरानने मावशीकडे. शाळेत कॉपी करताना पकडलेल्या दोन मुली एकमेकींकडे बघतात तशा.

“आपको मालूम था?” मावशीने विचारलं.

“जिस दिन बैठ गया, उस दिन से,” सरान म्हणाली. “आपको?”

मावशीने उठून माझ्या हातातले कागद घेतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पाठव गं. त्याच्या आईचं नाव थांबलंय.” मग चूक लक्षात येऊन, “म्हणजे हिच्या आईचं.”

मी पाठवला. सरानने दोन्ही हात पसरून काहीतरी पुटपुटलं आणि चेहऱ्यावरून फिरवले. मावशीने चहा टाकला, पण त्या दिवशी तो कुणी धड प्यायलं नाही. सरान लवकर खाली गेली.

त्या जुन्या ‘ज’ला पुढे क्रमांक मिळाला. ती बातमी यायला दीड-दोन वर्षं लागली. आज कुठल्याही कॉम्प्युटरवर तो उमटतो, चौकोन दिसत नाही. पण मला सांगायचंय ते पाठवल्यानंतरच्या दुपारचं.

मी स्कॅनर परत आणायला गेले होते. टेबलावर काहीच नव्हतं. एवढं मोकळं टेबल मी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. मावशी काचेपाशी उभी होती आणि सारखी खाली बघत होती, आणि मी आल्यावर तिने समुद्र बघत असल्यासारखं केलं. असरची बांग झाली. दुकानांची शटरं खाली आली. नमाज संपला, शटरं वर गेली. मी वायर गुंडाळत होते, हवी त्याहून सावकाश.

बेल वाजली.

सरान होती. गाठोडं नव्हतं, भजी नव्हती. हातात काहीच नसल्यामुळे हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. ती आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. मावशी समोर बसली. मध्ये ते मोकळं टेबल. हवेबद्दल बोलून झालं, म्हणजे बाहेरच्या. धूळ फार आहे. हो, फार आहे. लिफ्ट अजून बंदच. हो, बंदच.

मग मावशीने टेबलावर नसलेला एक कण झाडला आणि विचारलं, “सरान, तेरे को बच्चे कितने हैं?”

माझ्या हातातली वायर थांबली. वर्षभर ह्या दोघी रोज एकमेकींसमोर बसल्या होत्या. सरानची मनगटं कुठे वळतात, लेखणी उचलताना तिचा श्वास कुठे अडतो, हे मावशीला पाठ होतं. आणि हे तिला माहीत नव्हतं.

खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखी सरान खुर्चीत मागे टेकली. “चार. दो यहाँ. दो माँ के पास.” आणि बोलायला लागली. सगळ्यात धाकटी आजीच्या दुकानात फळीखाली बसते. तिचंही नाव जेनेबा. तिला सोडून आली तेव्हा ती रांगत होती, आता दात पडतायत म्हणे, फोनवर बोलताना ‘स’ला शिट्टी येते. सरानने शिट्टी मारून दाखवली. मावशी मोठ्याने हसली आणि हसता हसता डोळ्यांना हात लावला.

“और आपकी माँ?” सरानने विचारलं. “क्या नाम?”

“द्वारका.”

“कैसे लिखते हैं?”

टेबलावर ना ब्रश, ना शाई, ना आलेखाचा कागद. मावशीने फोनजवळचं बॉलपेन घेतलं, कोयाभाईंच्या दुकानातली कागदी पिशवी सपाट केली आणि तिच्यावर लिहिलं. ‘द्वा’ वाकडा झाला, ‘र’ त्याच्या अंगावर पडला, ‘क’ लिहिताना पेन मध्येच उमटेना म्हणून तिने तो दोनदा गिरवला. वरची रेघ तर देता देता थांबलीच. मी मावशीचं इतकं वाईट अक्षर कधी बघितलं नव्हतं. ती आता पिशवी चुरगाळणार म्हणून मी वाट बघत राहिले. तिने ती उचलून सरानच्या बाजूला फिरवली.

सरानने त्यावर बोट ठेवलं आणि सवयीने उजवीकडून सुरुवात केली. मावशीने ते बोट धरलं, अलगद डावीकडे नेऊन ठेवलं, आणि मग सोडायचं विसरून गेली.